‘कशावरून?’ : प्राथमिक वर्गात विचार आणि वाद शिकविण्याची पद्धती

इयत्ता तिसरीच्या वर्गात परिसराचा पाठ चालू आहे. झाडाचे अवयव फळ्यावर लिहिले जात आहेत. मधेच एक मुलगी उभी राहून विचारते, “गुरुजी, फांदी तोडली की झाडाला दुखतं का हो?” वर्ग हसतो. गुरुजींना पाठ पुरा करावयाचा असतो, पलीकडच्या भिंतीशी बसलेल्या चौथीला गणिते द्यावयाची असतात. ते म्हणतात, “खाली बस. पुस्तकात आहे तेवढं बघ.” मुलगी खाली बसते. त्या दिवशी पाठ वेळेवर संपतो. परंतु वर्गातील सर्व मुले त्या दिवशी आणखी एक पाठ शिकतात, आणि तो असा की, जे पुस्तकात नाही ते शाळेत विचारावयाचे नसते.

हा दुसरा पाठ मुले फार लवकर शिकतात व फार काळ विसरत नाहीत. पुढे वयात आल्यावर एखादी अफवा, एखादी भूलथाप, एखादी घातक रूढी समोर आली असता ‘हे कशावरून?’ असे विचारण्याचे धैर्य त्यांच्या अंगी राहत नाही. म्हणून विचार करणे व युक्तिवाद करणे हा केवळ महाविद्यालयाचा विषय न मानता त्याचा आरंभ प्राथमिक शाळेत कसा करता येईल, याचे विवेचन येथे केले आहे.

१. हे लहान मुलांना झेपेल काय?

पहिली शंका हीच निघते. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे (१८९६–१९८०) यांचे मत असे होते की, साधारण अकरा-बारा वर्षांच्या आत मुलांना निव्वळ कल्पनांवर आधारलेला तर्क नीट करता येत नाही. मुलांची विचारशक्ती टप्प्याटप्प्याने वाढते हे त्यांचे म्हणणे शिक्षकांनी ध्यानात ठेवण्याजोगेच आहे. तथापि, अमेरिकन तत्त्वज्ञ गॅरेथ मॅथ्यूज यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, पाच-सहा वर्षांची मुलेही तत्त्वज्ञानाचे खरेखुरे प्रश्न आपण होऊन विचारतात. आपण स्वप्नात नाही हे कशावरून ओळखावयाचे, असे प्रश्न मुलांना कोणी शिकवावे लागत नाहीत. ते ऐकून घेणारे कोणी भेटत नाही, एवढेच.

या प्रश्नांना शाळेत जागा करून देण्याचा पद्धतशीर प्रयत्न मॅथ्यू लिपमन (१९२३–२०१०) यांनी केला. ते न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात तर्कशास्त्र शिकवीत. विद्यापीठात आलेल्या तरुणांना तर्काचे नियम शिकविले तरी त्यांची विचाराची सवय फारशी बदलत नाही, असे त्यांना आढळून आले. ही सवय लागावयाची तर ती बालपणीच लागली पाहिजे, या निष्कर्षाप्रत ते आले. १९६९ साली त्यांनी मुलांसाठी एक छोटी कादंबरी लिहिली आणि १९७४ साली न्यू जर्सी राज्यातील माँटक्लेअर येथे या कार्यासाठी एक संस्था स्थापन केली. अ‍ॅन मार्गारेट शार्प या त्यांच्या प्रमुख सहकारी होत्या.

त्या कादंबरीचा प्रारंभ पाहण्यासारखा आहे. वर्गात लक्ष नसलेल्या एका मुलाला शिक्षक विचारतात की, लांब शेपूट असलेली आणि सूर्याभोवती फिरणारी वस्तू कोणती? सर्व ग्रह सूर्याभोवती फिरतात एवढे त्याला आठवते, म्हणून तो ‘ग्रह’ असे उत्तर देतो. वर्ग हसतो, कारण उत्तर ‘धूमकेतू’ असे असते. मुलगा खट्टू होतो, पण आपली चूक कोठे झाली याचा शोध घेऊ लागतो. ‘सर्व ग्रह सूर्याभोवती फिरतात’ हे वाक्य खरे आहे. ते उलटे करून ‘सूर्याभोवती फिरणारे सर्व ग्रहच असतात’ असे म्हटले की ते खोटे ठरते! हा नियम त्याला कोणी सांगत नाही. आपल्या चुकीतून आणि सोबत्यांशी बोलता बोलता तो त्याचा त्यालाच सापडतो.

लिपमन यांच्या पद्धतीचे सार यातच आले. मुलांनी गोलाकार बसावे, गोष्टीचा भाग वाचावा, त्यातून सुचलेले प्रश्न स्वतः मांडावेत, त्यांपैकी एक निवडावा आणि त्यावर परस्परांशी कारणे देऊन बोलावे. शिक्षकाने उत्तर न सांगता चर्चा सांभाळावी.

या पद्धतीच्या फलाविषयी अतिशयोक्ती मात्र करू नये. इंग्लंडमधील ४८ शाळांत घेतलेल्या एका चाचणीचा अहवाल २०१५ साली निघाला. तीत भाग घेतलेल्या मुलांची वाचनात व गणितात सुमारे दोन महिन्यांची अधिक प्रगती झाल्याचे दिसले होते. पुढे याहून मोठ्या प्रमाणावर घेतलेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वाचनातील तशी वाढ आढळली नाही. तेव्हा गुण वाढविण्याचा उपाय म्हणून ही पद्धती स्वीकारू नये. मुलाला कारण मागता यावे, देता यावे आणि दुसऱ्याचे ऐकून घेता यावे, हे तिचे स्वतःचे प्रयोजन आहे व ते पुरेसे आहे.

२. आपल्याकडील पूर्वपीठिका

ही विद्या परदेशी आहे असे समजण्याचे कारण नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांत युक्तिवादाचे पाच अवयव सांगितले आहेत. त्यांचे परंपरेने चालत आलेले उदाहरण शिक्षकांना परिचित असेल. ‘डोंगरावर अग्नी आहे’ ही प्रतिज्ञा. ‘कारण तेथे धूर आहे’ हा हेतू. ‘जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात’ हे उदाहरण. ‘या डोंगरावरही तसाच धूर आहे’ हा उपनय. ‘म्हणून डोंगरावर अग्नी आहे’ हे निगमन. ज्या मुलाने आईजवळ चुलीपुढे बसून भाकरी खाल्ली आहे, त्याला यातील एकही गोष्ट परकी नाही.

आणि गंमत अशी की, धूमकेतूच्या गोष्टीतील चूक आपल्या नैयायिकांनीही नेमकी हेरली होती. जेथे धूर तेथे अग्नी हे खरे. पण जेथे अग्नी तेथे धूर असतोच असे नाही. लोहाराच्या भट्टीतून काढलेला लालबुंद लोखंडाचा गोळा हे त्याचे उदाहरण ते देत.

नैयायिकांनी चर्चेचे तीन प्रकार मानले आहेत. सत्य शोधण्यासाठी होतो तो वाद, कोणत्याही उपायाने जिंकण्यासाठी होतो तो जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची केवळ मोडावयाची ती वितंडा. आज व्यवहारात ‘वाद’ हा शब्द भांडणाच्या अर्थी रूढ झाला आहे. वर्गात त्याचा मूळ अर्थ मुलांना पुन्हा दाखवून द्यावयाचा आहे.

प्रश्न विचारणाऱ्याला थांबविण्याचा प्रसंगही आपल्या परंपरेत आहे. बृहदारण्यकोपनिषदात गार्गी याज्ञवल्क्याला एकामागून एक प्रश्न विचारीत जाते, तेव्हा अतिप्रश्न करू नकोस अशी ताकीद तिला मिळते. ती त्या वेळी गप्प राहते, परंतु पुढे भर सभेत पुन्हा उभी राहून आणखी दोन प्रश्न विचारते. महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिली तीही प्रश्नोत्तरांच्या रूपाने, हे येथे आठवावे.

३. नमुना पाठ पहिला : उलटे वाक्य (इयत्ता दुसरी-तिसरी)

उद्देश : खरे वाक्य उलटे केल्यावर खरे राहतेच असे नाही, हे मुलांना स्वतः शोधून काढता यावे.

फळ्यावर ‘सर्व गाईंना चार पाय असतात’ असे लिहावे. हे खरे की खोटे, ते विचारावे. मग उलटे वाक्य लिहावे : ‘चार पाय असलेल्या सर्व गाई असतात.’ मुले हसू लागतील व शेळी, कुत्रा, म्हैस अशी नावे सांगतील. येथे शिक्षकाने विचारावे, “हे वाक्य पाडायला किती जनावरं लागली?” एकच शेळी पुरे, हे मुलांच्या लक्षात आले म्हणजे ‘एक विरुद्ध उदाहरण पुरेसे असते’ हा महत्त्वाचा नियम त्यांना व्याख्येवाचून कळला.

यानंतर ‘एकही बेडूक पक्षी नाही’ असे वाक्य द्यावे. हे उलटे करून पाहिले तर ते खरेच राहते. असे का होते, याचा शोध मुलांना घेऊ द्यावा. जमिनीवर खडूने दोन रिंगणे काढून एकात बेडूक व दुसऱ्यात पक्षी ठेवण्याचा खेळ खेळावा. गाईंचे रिंगण मात्र चार पायांच्या मोठ्या रिंगणाच्या आत काढावे लागते, हे मुले आपण होऊन सांगतील. स्वाध्याय म्हणून प्रत्येकाने घरून दोन वाक्ये आणावीत, एक उलटे करता येणारे व एक न येणारे.

४. नमुना पाठ दुसरा : ‘चुगली’ आणि ‘सांगणे’ (इयत्ता तिसरी-चौथी)

उद्देश : जवळजवळच्या दोन कल्पनांतील भेद कारणे देऊन सांगता यावा.

शिक्षकाने पुढील प्रसंग सांगावा. एक मुलगा दुपारी एकटाच विहिरीत पोहावयास उतरतो. त्याने आपल्या मित्राकडून ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन घेतले आहे. मित्राला रात्री झोप येत नाही. त्याने काय करावे?

चर्चा साधारण पुढीलप्रमाणे चालेल.

“वचन दिलं म्हणजे दिलं. मोडायचं नाही.”

“पण तो बुडाला तर?”

“सांगितलं तर चुगली होईल. मग त्याच्याशी कुणी बोलणार नाही.”

येथे शिक्षकाने “चुगली कशाला म्हणायचं?” एवढेच विचारावे. कोणी म्हणेल, दुसऱ्याचे गुपित सांगणे म्हणजे चुगली. मग शिक्षकाने विचारावे, “ताप आलेली बहीण औषध लपवून ठेवते, ते आईला सांगितलं, ही चुगली का?” मुले नाही म्हणतील. व्याख्या मोडली. आता नवी शोधावी लागेल. एखादी मुलगी म्हणेल, “त्याला मार बसावा म्हणून सांगितलं तर चुगली, त्याला काही होऊ नये म्हणून सांगितलं तर नाही.” ही व्याख्या फळ्यावर लिहावी आणि तीही तपासावी. हेतू चांगला असून परिणाम वाईट झाला तर? मोठ्यांना सांगण्याआधी मित्रालाच समजावणे बरे नव्हे काय? ज्याने जीव जाईल असे वचन मुळात मागावे काय?

शेवटी सर्वांचे एकमत झालेच पाहिजे असा आग्रह धरू नये. मात्र एक गोष्ट शिक्षकाने आपल्या अधिकारात स्पष्ट सांगावी : कोणाच्या जिवाला किंवा शरीराला धोका असेल, कोणी मोठ्या माणसाने ‘कोणाला सांगू नकोस’ असे दटावले असेल, तर विश्वासाच्या माणसाला सांगणे ही चुगली नव्हे. काही मुलांच्या मनावर असा भार असतो. तो या पाठानंतर हलका होण्याचा संभव आहे. एखादे मूल तास संपल्यावर मागे रेंगाळले तर शिक्षकाने घाई करू नये.

५. नमुना पाठ तिसरा : हेतूची तपासणी (इयत्ता चौथी-पाचवी)

उद्देश : ‘यानंतर ते घडले, म्हणून यामुळे ते घडले’ ही चूक ओळखता यावी.

मुलांना विचारावे, “कोंबडा आरवला आणि सूर्य उगवला. मग कोंबड्यानं सूर्य उगवला का?” “कोंबड्याला डालग्यात झाकून ठेवलं तर?” मुले उत्साहाने उत्तरे देतील. ही तयारी झाली म्हणजे गंभीर उदाहरणाकडे वळावे.

‘शेजारच्या वाडीत एकाला साप चावला. मांत्रिकाने विष उतरविले आणि तो बरा झाला. म्हणून साप चावल्यावर मांत्रिकाकडे जावे.’ हा युक्तिवाद पाच अवयवांत मांडून घ्यावा. प्रतिज्ञा कोणती, हेतू कोणता, हे मुलांनीच सांगावे. मग प्रश्न करावा, “तो आणखी कोणत्या कारणानं बरा झाला असेल?”

येथे शिक्षकाजवळ माहिती हवी. आपल्याकडील बहुतेक जातींचे साप बिनविषारी असतात. माणसाला मुख्यतः धोका नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार विषारी सापांपासून असतो. शिवाय विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी विष अंगात भिनतेच असे नाही. तेव्हा मांत्रिकाकडे गेलेल्यांपैकी पुष्कळ जण मंत्रावाचूनही बरेच झाले असते. ज्यांच्या अंगात विष भिनले होते, त्यांची गोष्ट सांगावयास ते उरले नाहीत, म्हणून ती गावात ऐकू येत नाही. हा शेवटचा मुद्दा मुलांकडून निघाला तर उत्तमच, न निघाला तर “बरे न झालेल्यांची मोजणी कुणी केली?” असे विचारून तो काढून घ्यावा.

हा प्रश्न पुस्तकी नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मृत्यू पावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे दरवर्षी सरासरी ५८ हजार. त्यांत खेड्यांतील माणसे फार मोठ्या संख्येने होती. विषावर प्रतिविषाचे इंजेक्शन हाच उपाय आहे व ते लवकरात लवकर मिळाले पाहिजे. मांत्रिकाच्या अंगणात गेलेला एक तास पुन्हा मिळत नाही. घरातील एखादे दहा वर्षांचे मूल त्या घटकेला “आधी दवाखान्यात नेऊ या, मंत्र मागाहून म्हणता येईल” असे म्हणू शकले, तर या पाठाचे चीज झाले.

मूल असे बोलले म्हणजे घरचे वडीलधारे रागावतील, हेही शिक्षकाने ओळखून असावे. म्हणून कारण मागण्याची नम्र रीत मुलांना शिकवावी. “आजोबा, तुमचं चुकतंय” याऐवजी “आजोबा, असं न करताही कुणी बरं झालंय का हो?” असे विचारता येते. प्रश्नाची धार तीच राहते, मात्र आजोबांचा मान जात नाही. पालकसभेतही या पाठाची माहिती आधी द्यावी, हे इष्ट.

६. शिक्षकाने पाळावयाची पथ्ये

(अ) आठवड्यातून एक तास, तोही अर्ध्या तासाचा, पुरे. दोन शिक्षकी शाळेत तिसरी व चौथी एकत्र बसवावी. या पाठाला इयत्तांचे बंधन फारसे नाही.

(आ) मुलांना गोलात बसवावे व जागा दर वेळी बदलाव्यात. मुले एकीकडे, मुली दुसरीकडे, अमक्या वस्तीची मुले मागे, अशी बैठक या तासाला चालू ठेवू नये. ज्याचे ऐकावयाचे त्याचे तोंड दिसले पाहिजे.

(इ) प्रश्न विचारल्यावर मनात दहा अंक मोजेपर्यंत थांबावे. जे मूल सावकाश विचार करते त्याला ही दहा अंकांची उसंत हवी असते.

(ई) ‘कशावरून?’, ‘म्हणजे काय?’, ‘नेहमीच असं होतं का?’, ‘याच्या उलट कुणाला वाटतं?’ आणि ‘ती आत्ता काय म्हणाली ते तू सांगशील का?’ हे पाच प्रश्न शिक्षकाच्या जिभेवर असावेत. यांतील शेवटचा सर्वांत उपयोगी. जो दुसऱ्याचे म्हणणे नीट सांगू शकतो, त्यालाच ते खोडण्याचा अधिकार, असा वर्गाचा नियम करावा.

(उ) आपल्या मताचे उत्तर आले की ‘शाबास’ म्हणू नये. मुले गुरुजींचा चेहरा वाचण्यात पटाईत असतात. शाबासकी द्यावयाची ती चांगल्या कारणाला, आणि विशेषतः ‘माझं चुकलं, मला आता तिचं पटतं’ असे म्हणणाऱ्या मुलाला.

(ऊ) मुलांना घरच्या बोलीत बोलू द्यावे. अहिराणी, वऱ्हाडी, कोरकू किंवा गोंडी बोलणारे मूल प्रमाण भाषेचा शब्द शोधण्यात अडकले तर विचार निसटून जातो. भाषा सुधारण्यास इतर तास आहेत.

(ए) प्रत्येक गोष्ट चर्चेला नसते. सात आठे किती, हे हात वर करून ठरवावयाचे नाही. ज्याचे उत्तर मोजून, पाहून वा प्रयोगाने मिळते ते तसेच मिळवावे. ‘प्रत्येकाचे मत सारखेच’ असा समज या तासातून होऊ देऊ नये. बोलण्याचा अधिकार सर्वांचा सारखा. परंतु मताचे वजन त्यामागील कारणावर ठरते.

७. फलाची पारख

या विषयाची लेखी परीक्षा घेऊ नये. शिक्षकाने एक वही ठेवून तीत महिन्यातून एकदा नोंद करावी. किती मुले आपण होऊन ‘कारण’ हा शब्द वापरतात? कोण कधीच बोलत नाही? खेळाच्या मैदानावरील भांडणात ‘आधी तू सांग, मग मी सांगतो’ असे ऐकू येते काय? मुले मूळ पाठ्यपुस्तकावर प्रश्न काढू लागली काय? अशा खुणा दिसू लागण्यास कित्येकदा वर्ष जावे लागते. त्याने खचून जाऊ नये.

१९७६ सालच्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ५१क अन्वये नागरिकांची जी मूलभूत कर्तव्ये सांगितली, त्यांत वैज्ञानिक दृष्टी, मानवता आणि शोधक बुद्धी वाढविणे हेही एक आहे. हे कर्तव्य अठराव्या वर्षी एकाएकी पार पाडता येत नाही. त्याची सवय तिसरीच्या वर्गात लागावयाची असते, आणि गावातील फार मोठ्या संख्येने मुलांना ती लावून देणारे दुसरे ठिकाण प्राथमिक शाळेखेरीज नाही.

आरंभीच्या त्या मुलीचा प्रश्न अजून तसाच आहे. झाडाला दुखते काय? गुरुजींना उत्तर ठाऊक असण्याची आवश्यकता नाही. त्यांनी एवढेच म्हणावे, “चांगलं विचारलंस. शुक्रवारच्या तासाला घेऊ. ‘दुखणं’ म्हणजे काय, आणि एखाद्याला दुखतंय हे आपण कशावरून ओळखतो, याचा सगळ्यांनी विचार करून या.” एवढ्या बोलण्यास अर्धे मिनिटही लागत नाही. पाठ वेळेवरच संपतो, आणि मुलगी खाली बसते ती शुक्रवारची वाट पाहत.